दगडाचें वय आणि माणसाची साक्ष

रत्नागिरीस आमच्या मामांच्या घरीं माजघराच्या भिंतींत एक कांचेचें कपाट आहे. मामा हयात होते तोंपर्यंत त्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्याला संग्रहाची जी एक हौस असते, ती त्यांना पुरेपूर होती. कपाटांत शंख, कवड्या, जुनीं नाणीं, गारगोट्या असें पुष्कळ कांहीं होतें. परंतु त्यांचा खरा अभिमान नारळाच्या भकलाएवढ्या एका करड्या दगडावर होता. या दगडाच्या अंगावर लहान लहान चांदण्या कोरल्यासारख्या दिसतात, आणि त्याच्याखालीं मामांच्या वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी आहे: "अश्मीभूत पोंवळें. सड्यावर मिळालें. पूर्वीं येथें समुद्र होता याचें प्रमाण." घरीं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा दगड दाखवून मामा परशुरामानें समुद्र मागें हटविल्याची कथा सांगत, आणि शेवटीं म्हणत, "कथेवर विश्वास नसला तर या दगडावर ठेवा."

मामांना जाऊन आतां कांहीं वर्षें झालीं. गेल्या दिवाळीच्या सुटींत मी रत्नागिरीस गेलों असतां त्यांचा नातू तो दगड घेऊन माझ्यापुढें येऊन बसला. सुटी संपल्यावर त्याच्या शाळेंत जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरावयाचें होतें, आणि प्रत्येक वस्तूजवळ तिचें नांव, स्थळ व वय लिहिलेली पाटी ठेवावयाची होती. नांव व स्थळ आजोबांच्या चिठ्ठींत आयतेंच होतें. "काका, वय तेवढें सांगा," असें तो म्हणाला.

प्रश्न साधा होता. परंतु त्याच्या उत्तराच्या शोधांत सुटीचे चार दिवस गेले, आणि वयाच्या आधीं दुसराच एक प्रश्न आमच्यापुढें येऊन उभा राहिला. जें आपणांस निश्चित ठाऊक नाहीं, तें केवळ एका आदरणीय मनुष्यानें सांगितलें आहे म्हणून आपण आपल्या हातानें पाटीवर लिहावें काय? आणि लिहूं नये असें ठरलें, तर त्या मनुष्याच्या शब्दाचें काय करावें?

पहिलें काम ओळखीचें. दगडावर नक्षी दिसली कीं तो पूर्वींच्या एकाद्या जीवाचा अवशेष, असें समजण्याची चूक कोंकणांत सहज होते. जांभ्याला जातीचींच भोकें असतात. सह्याद्रीच्या काळवत्री दगडांतील पोकळ्यांत जे स्फटिक वाढतात, ते एका बिंदूपासून चोहोंकडे पसरले म्हणजे थेट फुलासारखे दिसतात. किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्यानें सांधले जाऊन झालेला खडक असतो. त्यालाहि अजाण डोळा पोंवळें म्हणेल. म्हणून आम्हीं कडेला चाकूच्या टोकानें ओरखडा काढून पाहिला. दगड मऊ निघाला. भुकटीवर लिंबाचा रस पिळला, तेव्हां बारीक बुडबुडे आले. म्हणजे दगड चुन्याचा ठरला. पण काळवत्रीच्या पोकळींत सांपडणारें कॅल्साइटहि असेंच फसफसतें, तेव्हां एवढ्यावर थांबणें बरें नव्हतें.

मग भिंग आणलें. भिंगाखालीं प्रत्येक चांदणी ही एक लहानशी वाटी असून तिच्या कांठापासून मध्याकडे पातळ पडदे गेलेले आहेत, असें दिसलें. या वाटींत एके काळीं एक मऊ देहाचा प्राणी बसला होता. समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन त्यानें हें घर बांधलें, आणि त्याच्या शेजाऱ्यांनीं भिंतीला भिंत लावून आपापलीं घरें उभीं केलीं. स्फटिक अशी वस्ती करीत नाहींत.

पडदे मोजले; ते चोवीस भरले. अतिप्राचीन पोंवळ्यांचा रुगोज नांवाचा जो वर्ग आहे, त्यांत पडदे चारांच्या क्रमानें वाढत. तो वर्ग सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वीं, पर्मियन युगाच्या अखेरीस झालेल्या महासंहारांत समूळ नष्ट झाला. आजच्या कठीण पोंवळ्यांचा वंश त्यानंतर, म्हणजे सुमारें २४ कोटी वर्षांपूर्वीं, दिसूं लागतो. त्यांचे पडदे सहांच्या क्रमानें वाढतात. पण चोवीस हा आंकडा चारांनींहि भागला जातो आणि सहांनींहि! ही अडचण प्रथम त्या मुलाच्याच ध्यानांत आली, हें येथें सांगितलें पाहिजे. तेव्हां नुसती बेरीज उपयोगाची नव्हती, क्रम पाहावयास हवा होता. पुन्हा पाहतां सहा पडदे जाड व जवळजवळ मध्यापर्यंत पोंचलेले, त्यांच्यामध्यें सहा थोडे आंखूड, आणि उरलेल्या बारा फटींत बारा अगदीं लहान, अशी मांडणी दिसली. क्रम सहांचा होता.

शिवाय दगड हातांत जड लागतो. समुद्रकांठीं मिळणारें नुकतें मेलेलें पोंवळें सच्छिद्र व हलकें असतें. या दगडाचीं छिद्रें चकचकीत स्फटिकांनीं भरून गेलीं आहेत. पोंवळें ज्या द्रव्यानें आपलें घर बांधतें त्याला ॲरॅगोनाइट म्हणतात. काळ लोटतो, पाणी मुरत राहतें, आणि त्या द्रव्याची जागा हळूहळू कॅल्साइट घेतें. आकार तेवढा कायम राहतो. तात्पर्य, "अश्मीभूत पोंवळें" हे मामांचे पहिले दोन शब्द परीक्षेस उतरले, आणि आम्हां दोघांनाहि त्याचा मनापासून आनंद झाला.

आतां वय. पोंवळ्याइतका इमानी रोजनामा लिहिणारा प्राणी दुसरा क्वचित् असेल. कांहीं पोंवळ्यांच्या अंगावर रोजच्या वाढीची एकेक सूक्ष्म रेघ उमटते. जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें डेव्होनियन युगांतील, म्हणजे सुमारें ३८ कोटी वर्षांपूर्वींच्या, पोंवळ्यांवरील अशा रेघा मोजून १९६३ सालीं दाखवून दिलें कीं त्या काळीं एका वर्षांत सुमारें ४०० दिवस असत. पृथ्वी तेव्हां स्वतःभोवतीं अधिक वेगानें फिरे. पण या रोजनाम्यांत दिवस आहेत, वर्षांची लांबी आहे. शक मात्र कोठेंच लिहिलेला नसतो.

शक काढण्याच्या युक्त्या आहेत. किरणोत्सर्गी कार्बनाची युक्ति सुमारें ५० हजार वर्षांपर्यंत चालते. पोंवळें आपल्या घरांत किंचित् युरेनियम सांठवितें; त्यापासून हळूहळू थोरियम बनतें, आणि त्या दोहोंच्या प्रमाणावरून सुमारें पांच लाख वर्षांपर्यंतचें वय सांगतां येतें. परंतु या दोन्ही युक्तींना मूळचें द्रव्य शाबूत लागतें. आमच्या दगडांत तें पालटून गेलेलें. याच्याहि पलीकडचा काळ ठरवावयाचा तर पोंवळें ज्या थरांत निघालें तो थर, त्याच्या वरचे व खालचे थर, आणि त्याच थरांत सांपडलेले इतर जीव यांची साक्ष काढावी लागते. थोडक्यांत, दगडाचें वय बव्हंशीं त्याच्या जागेंत असतें. जागेवरून उचललेला दगड आपलें कुळ सांगूं शकतो, पण जन्मकाळ सांगतां सांगतां त्याची वाचा बसते.

तेव्हां मीं मुलाला सांगितलें, "चोवीस कोटी वर्षांच्या आंतला. द्रव्य पालटलें आहे तेव्हां कालपरवांचा नव्हे. याहून नेमकें सांगतां येत नाहीं."

तो हिरमुसला. म्हणाला, "मग तुम्हांला ठाऊक नाहीं असं सरळ सांगा ना!"

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आपली सर्वांचीच समजूत बहुधा अशी असते कीं ज्ञान आणि अज्ञान या दोनच खोल्या आहेत, आणि मनुष्य एकींत नसला म्हणजे दुसरींत असलाच पाहिजे. वस्तुतः आपलें बहुतेक आयुष्य या दोहोंमधल्या पडवींत जातें. "चोवीस कोटींच्या आंतला" हें अज्ञान नाहीं. त्या एका वाक्यानें त्याच्या मागचा सारा अफाट काळ बाद झाला, आणि तो केवळ मोजून व भिंगांतून पाहून बाद झाला. आपल्या ज्ञानाची शींव कोठें आहे हें सांगणें हाहि ज्ञानाचाच भाग आहे. नेमका आंकडा ऐकण्यांत एक सुख असतें, म्हणून असें सीमित उत्तर कोणाला आवडत नाहीं. आणि श्रोत्याला तें आवडत नाहीं हें पाहून सांगणारा एकादा आंकडा देऊन टाकतो. पुष्कळशा असत्याचा जन्म अशा भिडेपोटीं होतो.

बरें, आंकडा बरोबर असला म्हणजे सर्व साधलें असेंहि नाहीं. याच रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं 'दि आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध केला. शेवटचें हिमयुग केव्हां संपलें याविषयीं त्या वेळीं मोठा वाद होता. क्रोल यांच्या गणितानें तें ८० हजार वर्षांपूर्वीं संपलें होतें. अमेरिकन भूस्तरशास्त्रज्ञ आठदहा हजार वर्षें म्हणत. टिळकांनीं दोन्ही पक्ष मांडून दुसरा पक्ष पत्करला. आज हिमयुगाचा शेवट सुमारें ११,७०० वर्षांपूर्वींचा मानतात, म्हणजे त्यांची निवड सत्याच्या पुष्कळच जवळची होती. तथापि आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाकडे होतें हा त्यांचा सिद्धांत विद्वानांत मान्य झाला नाहीं. एक पायरी पक्की असली म्हणून सगळा जिना पक्का ठरत नाहीं. मामांच्या चिठ्ठीलाहि हाच न्याय लावणें भाग होतें. पोंवळें खरें, पण "सड्यावर मिळालें" आणि "येथें समुद्र होता" हीं विधानें त्या खरेपणाच्या पाठीवर बसून निसटूं पाहत होतीं.

सड्याची जमीन काय म्हणते तें पाहिलें. रत्नागिरीच्या खालीं सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा काळवत्री पाषाण आहे आणि वर जांभा आहे. या दोहोंच्या मध्यें, विहिरी खणतांना, कोठें कोठें निळसर चिकणमातीचा थर व त्यांत कोळसा बनत चाललेल्या झाडपाल्याचे अवशेष मिळाल्याचें एकोणिसाव्या शतकांतील भूस्तरशास्त्रज्ञांनीं नोंदून ठेविलें आहे. लाव्हा जमिनीवर पसरला. जांभा हा खडक झिजून व कुजून जागच्या जागीं होतो. चिकणमातींत झाडांचीं पानें आहेत. या तिहींत प्रवाळाची वस्ती होण्यासारखी जागा मला दिसेना. सड्यावर पडलेला एकादा दगड आणि सड्यांतून निघालेला दगड यांत फार अंतर आहे. पहिल्याला कोणाचा तरी हात तेथें घेऊन आलेला असूं शकतो.

पोंवळीं या किनाऱ्याला परकीं आहेत असें मात्र कोणी समजूं नये. रत्नागिरी, मालवण इत्यादि ठिकाणीं किनाऱ्यालगत जिवंत पोंवळीं असल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील कासिम व वाफर यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केली. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आंत समुद्रांत कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचें नांव धारण करणारी आंग्रिया बँक आहे. तिच्यावर तर पोंवळ्यांची मोठी वसाहत आहे. परंतु हीं पोंवळीं आजचीं आहेत. आमच्या दगडासारखीं जुनीं, दगडांत रूपांतर पावलेलीं पोंवळीं पाहावयाचीं तर कच्छच्या जुरासिक थरांकडे जावें लागतें. तेथील पोंवळ्यांवर ग्रेगरी यांनीं १९०० सालीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला. सिंधमधील पोंवळ्यांवर डंकन यांचा ग्रंथ त्याच्याहि आधींचा, १८८० सालचा आहे. आमचा दगड तिकडचा असेल काय? असेल, पण "असेल" या शब्दाच्या पुढें जाण्यास माझ्यापाशीं कांहींच नव्हतें.

राहिली समुद्राची गोष्ट. सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या भरांत, पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फ होऊन बसलें होतें, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. त्या वेळीं कोंकणचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या पश्चिमेस फार दूर होता. म्हणजे या एवढ्या काळाचा हिशेब केला तर समुद्र येथून हटला नाहीं. उलट तोच चालून आला. परशुरामाच्या कथेला यानें बाध येतो असें मला वाटत नाहीं. ती कथा या भूमीविषयींच्या कृतज्ञतेची आहे, आणि शतकानुशतकें ती कोणत्याहि दगडाच्या जामिनावांचून सांगितली गेली आहे. तिला मामांनीं जामीन मिळवून दिला, तो मात्र अडचणीचा निघाला.

येथें मला एक प्रसिद्ध प्रकरण आठवलें. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठांतील विश्वजित गुप्ता हे हिमालयांतील जीवाश्मांविषयीं सुमारें पंचवीस वर्षें शेंकडों लेख लिहीत होते. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन टॅलेंट यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत जाहीर केलें कीं हिमालयांत सांपडल्याचें म्हटलेले कित्येक जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क अशा दूरदूरच्या ठिकाणच्या जीवाश्मांशीं हुबेहूब जुळतात. पुढें विद्यापीठाच्या चौकशींतहि गुप्ता दोषी ठरले. त्यांतील जीवाश्म बनावट नव्हते. दगड अस्सल, त्यांचीं नांवें बरोबर, वयेंहि खरीं. खोटें होतें तें फक्त स्थळ. तेवढ्या एका शब्दाच्या खोटेपणानें हिमालयाच्या इतिहासाचीं कितीतरी पानें नासलीं, आणि ज्यांनीं त्यांवर विश्वासून पुढचीं अनुमानें बांधलीं त्यांचे श्रम वायां गेले.

मामांची आणि या गृहस्थांची तुलना मनांत येतांच मला माझीच लाज वाटली. मामा खोटें बोलणारे नव्हते. पण मग विचार आला कीं चिठ्ठी वाचणाऱ्या परक्या मुलाला लिहिणाऱ्याचा हेतु कोठून दिसणार? त्याच्या हातीं शब्द येतो, मनुष्य येत नाहीं. प्रेमानें लिहिलेली चूक आणि लोभानें लिहिलेलें असत्य यांत नीतीच्या दृष्टीनें जमीनअस्मानाचें अंतर आहे. वाचणाऱ्याच्या पदरांत मात्र दोन्ही सारखींच पडतात.

त्या संध्याकाळीं मामी तुळशीपाशीं दिवा लावून ओटीवर आल्या, तेव्हां मीं त्यांना भीत भीत विचारलें, "मामी, हा दगड मामांना कोणत्या सड्यावर मिळाला?" मामी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अरे, मी लग्न होऊन या घरांत आलें तेव्हां तो दगड लोणच्याच्या बरणीवर असायचा. मामंजींनीं कुठूनसा आणलेला, असं सासूबाई सांगत. मामंजी बंदरावर कारकून होते. हे तेव्हां लहान असतील."

"मग मामांना तुम्ही हें कधीं सांगितलं नाहींत?"

"कशाला सांगायचं? सड्याचं कुणीतरी लहानपणीं सांगितलं असेल, तें त्यांच्या डोक्यांत बसलं. दगड दाखवतांना किती खूष असायचे! मी काय, पाहुण्यांच्या देखत बरणी काढूं?"

मामींचें हें साठ वर्षांचें मौन असत्य होतें काय? मला तसें म्हणवत नाहीं. घरांत माणसें समोरासमोर असतात; एकमेकांचे स्वभाव, भ्रम आणि वेड हीं जाणून असतात. तेथें एकाच्या आनंदासाठीं दुसऱ्यानें मुकें राहण्यांत माया आहे, आणि त्यांत कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु पाटी ही निराळी वस्तु आहे. ती ज्याला उलट प्रश्न विचारतां येत नाहीं अशा मनुष्याला दिलेली साक्ष आहे. मामांच्या तोंडून ती कथा ऐकणारा पाहुणा त्यांचा मिस्किल डोळा पाहूं शकत होता. पाटी वाचणारें मूल तो पाहूं शकणार नाहीं. म्हणून शब्द घराबाहेर पडतांना आपण काय जाणतों एवढेंच न सांगतां, कसें जाणतों आणि कोठपर्यंत जाणतों हेंहि सांगण्याचें कर्तव्य त्याच्याबरोबर बाहेर पडतें. "सड्यावर मिळालें" या वाक्यांत कोणाला, केव्हां, कोणत्या सड्यावर, यांपैकीं एकाचेंहि उत्तर नाहीं. आणि इतकीं वर्षें आम्हां कोणाला ही उणीव जाणवली नव्हती.

मग मामांची चिठ्ठी काढून टाकावी काय? मुलाचें मत तसें पडलें. मला तें पटलें नाहीं. मामांनीं असें लिहिलें, ही स्वतः एक खरी घटना आहे. ती पुसणें म्हणजे साक्षीदाराला कोर्टाबाहेर घालवून आपण निकाल देणें. त्याची साक्ष त्याच्या नांवानें राहावी, तिच्या शेजारीं दुसऱ्या साक्षी याव्या, आणि तोलण्याचें काम वाचणाऱ्यावर सोपवावें, हेंच न्यायाचें आणि हेंच आदराचें, असें मला वाटलें. वडिलांच्या शब्दाला प्रमाण मानणें हा एक मान आहे. तो शब्द तपासण्याच्या योग्यतेचा समजणें हा मला त्याहून मोठा मान वाटतो.

रात्रीं आम्ही पाटी लिहावयास बसलों. मुलानें आपल्या हातानें लिहिलें: "अश्मीभूत पोंवळें. पडदे सहांच्या क्रमाचे. वय चोवीस कोटी वर्षांच्या आंतील. अधिक नेमकें सांगतां येत नाहीं. मूळ स्थळ अनिश्चित. आजोबांची नोंद: सड्यावर मिळालें." येथें त्यानें लेखणी थांबविली आणि आजीकडे पाहिलें. पुढचें वाक्य तिच्या परवानगीवांचून लिहिण्यासारखें नव्हतें.

मामी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करतांच सांगितलें, "माझं नांव नको घालूंस. पण बरणीचं लिही."